हलकी रायफल, जड तोंड: सप्रेसर माउंटचे वजन कसे उतरवायचे आणि मग तो ढिला का होतो

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. डोंगरात चालायचे म्हणून तीन किलोच्या आतबाहेरची रायफल घेतली. दुकानात हातात अगदी पीस वाटली. नळीच्या तोंडावर सप्रेसर (आवाज दाबणारे नळकांडे, म्हणजे सायलेन्सर) चढवला आणि ती पुढे झुकायला लागली. उभ्याने नेम धरला की नळीचे तोंड खाली ओढते, डावा हात लवकर भरून येतो, आणि काठ्यांवर टेकवली तरी पुढचा भाग डुलत राहतो. मग सप्रेसरच हलका घ्यावा असे डोक्यात येते आणि मोठी रक्कम खर्च होते. एवढे करून तोल जेमतेम सुधारतो, कारण जड असतो तो बऱ्याचदा सप्रेसर नसून त्याला नळीशी जोडणारा माउंट. तो हलका करणे स्वस्तही आहे आणि सोपेही. मात्र तो बदलला की दुसरी तक्रार सुरू होते: "आता हा सारखा ढिला होतो." या दोन्ही अडचणी एकत्र सोडवाव्या लागतात, म्हणून एकत्रच लिहितो.

मी लिहितो ते न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमधल्या शिकारीबद्दल. इथे सप्रेसर रोजच्या वापरातली वस्तू आहे. बंदुकीचा परवाना असलेल्याला त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. सरकारी संवर्धन जमिनीवर शिकार करायची तर तिथला परवाना मात्र काढावा लागतो. हरणे इथली नव्हेत, युरोपियनांनी आणून सोडलेली. ताहर हा रानबोकडासारखा प्राणी तर आपल्या हिमालयातला; १९०४ मध्ये माउंट कुकजवळ सोडला आणि शिकारी प्राणीच नसल्यामुळे बेसुमार वाढला. १९९३ च्या नियंत्रण आराखड्यात त्याची संख्या १०,००० च्या वर जाऊ द्यायची नाही असे ठरलेले आहे. हिमालयात त्याला जपायचे आणि इथे त्याला कमी करायचे, असा हा उलटा कारभार. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि सायलेन्सर तर सामान्य नागरिकाला ठेवताच येत नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे यंत्रशास्त्र म्हणून वाचावे. ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांत सप्रेसर बंद आहे, ब्रिटन आणि अमेरिकेत नियम वेगळे आहेत. आपापला कायदा आधी पाहावा.

"मग सप्रेसर काढूनच टाका" हा सल्लाही येतो. सेंटरफायर, म्हणजे मोठ्या शिकारीच्या काडतुसांच्या, रायफलचा आवाज सहज १६० डेसिबलच्या वर जातो आणि शिकारीत कानाला मफ लावून कोणी बसत नाही. शिवाय हलकी रायफल धक्का जास्त देते आणि सप्रेसर तो बराच कमी करतो. तेव्हा सप्रेसर राहणार हे धरूनच पुढे.

आधी स्वयंपाकघरातला काटा

पहिले काम वजन करण्याचे. जाहिरातीत दिलेले सप्रेसरचे वजन पुष्कळदा माउंट सोडून असते, त्यामुळे तो आकडा विसरा. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा, बोल्ट बाहेर काढून ठेवा, सप्रेसर उतरवा. मग सप्रेसरचे नळकांडे, त्याच्या मागच्या टोकाचा अडॅप्टर आणि नळीच्या तोंडावर राहिलेला ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) किंवा फ्लॅश हायडर (जाळ झाकणारा तुकडा) अशी तीन वजने वेगवेगळी घ्या. तिसऱ्या तुकड्याला बहुतेक जण वजनात धरतच नाहीत, कारण सप्रेसर काढला तरी तो रायफलवरच बसलेला असतो.

झटपट काढता-घालता येणाऱ्या स्टीलच्या जोडणीत अडॅप्टर आणि ब्रेक हे दोन तुकडे मिळून २०० ते २५० ग्रॅम सहज भरतात. त्याच सप्रेसरला टायटॅनियमचा थेट आट्यांचा, म्हणजे नळीवरच्या आट्यांवर सरळ फिरवून बसणारा, अडॅप्टर लावला तर ४० ते ६० ग्रॅममध्ये काम होते आणि नळीवर वेगळा तुकडा लागतच नाही.

आता तोलाचा हिशेब. समजा दुर्बिणीसकट रायफल ३.२ किलो, सप्रेसर ३५० ग्रॅम आणि त्याची जोडणी २३० ग्रॅम. हे सगळे रायफलच्या मूळ तोलबिंदूपासून सुमारे ६० सेंटिमीटर पुढे लटकते. ५८० ग्रॅम गुणिले ६०, भागिले एकूण ३,७८० ग्रॅम: तोलबिंदू ९ सेंटिमीटरहून थोडा जास्त पुढे सरकला. जोडणी २३० ऐवजी ४५ ग्रॅमची केली तर तोच हिशेब साडेसहा सेंटिमीटरवर येतो. अडीच सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण डाव्या हाताची पकड नेमकी कुठे येते हे तोच ठरवतो, आणि रायफल उचलताच तो जाणवतो. झटपट जोडणीमुळे सप्रेसर पुढे सरकत असेल तर ते अंतर यात आणखी मिळवा.

इथे एक सापळा आहे. वजन कमी करायचे म्हणून पुष्कळ जण सगळ्यात आधी कार्बन फायबरचा दस्ता घेतात. एकूण वजन उतरते हे खरे, पण उतरते ते मागच्या बाजूने, त्यामुळे तोंड आणखी जड होते. असा दस्ता बसवल्यावर "रायफल हलकी झाली पण धरवत नाही" म्हणणारे मला बरेच भेटले आहेत. उलट्या टोकाचा उपाय म्हणजे दस्त्यात शिशाच्या गोळ्या भरणे. एका जागी बसून शिकार करणाऱ्याला तो चालेल. दिवसभर चढणाऱ्याने पाठीवर शिसे का वाहावे, हे मला कधी पटलेले नाही.

कोणता माउंट

झटपट जोडणी मुळात निर्माण झाली ती वेगळ्या गरजेसाठी: सतत गोळीबार, तापलेली नळी, एकच सप्रेसर अनेक रायफलींवर. सप्रेसरच्या आत राहणारा ब्रेक हा जाळ आणि दाब पहिल्यांदा अंगावर घेणारा तुकडा असतो. लांडी नळी आणि भराभर फैरी असतील तर त्याचा उपयोग आहे. हरणाच्या शिकारीत दिवसाला एक-दोन, फार तर तीन गोळ्या सुटतात. तेवढ्यासाठी दोनशे ग्रॅम स्टील नळीच्या टोकाला टांगून हिंडणे मला पटत नाही.

तुमच्या सप्रेसरच्या मागच्या टोकाला १.३७५ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असे माप असेल तर काम सोपे आहे. त्याला हब म्हणतात. या मापाचे अडॅप्टर अनेक उत्पादक बनवतात, त्यामुळे नळकांडे तेच ठेवून मागचा तुकडा बदलता येतो. टोक पक्के वेल्ड केलेले असेल तर हात लावू नका. सप्रेसरचे नळकांडे कापणे, आतले बॅफल (वायू अडवणारे पडदे) कमी करणे, घरच्या लेथवर टोक तासणे हे वजन कमी करण्याचे मार्ग नव्हेत. काही देशांत तो सरळ गुन्हा आहे, आणि सगळीकडे धोका.

थेट आटे आणि झटपट जोडणी यांच्या मधला पर्याय म्हणजे निमुळत्या बैठकीचा माउंट. नळीवर छोटा तुकडा कायमचा बसतो, त्यावर सप्रेसर आट्यांनी चढतो आणि शेवटी निमुळत्या भागावर घट्ट बसतो. दोन्ही तुकडे मिळून वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास. एकच सप्रेसर दोन रायफलींवर वापरणाऱ्याला मी हाच सुचवेन. एका रायफलीवर एकच सप्रेसर असेल तर थेट आटे.

नळीवर मागे पसरणारे सप्रेसरही इथे आणि उत्तर युरोपात खूप चालतात. त्यांचा काही भाग नळीच्या तोंडामागे असतो, म्हणून तोल चांगला राहतो आणि लांबी कमी वाढते. मात्र तो नवीन सप्रेसर घेण्याचा विषय झाला, माउंट बदलण्याचा नव्हे.

कोणता धातू

एकाच आकाराच्या तुकड्याला स्टीलमध्ये १०० ग्रॅम लागत असतील तर टायटॅनियममध्ये साधारण ५६ आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये ३५. मग अ‍ॅल्युमिनियमच का नको? मऊ आटे हे एक कारण. कडक स्टीलच्या नळीवर अ‍ॅल्युमिनियमचे आटे वारंवार चढवले-उतरवले की झिजतात, आणि पावसात दोन धातूंच्या मध्ये गंजही धरतो.

दुसरे कारण प्रसरणाचे. एक अंश तापमान वाढले की मीटरमागे अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन पसरते, स्टील १२, टायटॅनियम ९ च्या आसपास. १४ मिलिमीटरच्या जोडावर १०० अंश वाढले तर अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याचे भोक आतल्या स्टीलपेक्षा सुमारे ०.०१५ मिलिमीटरने जास्त मोठे होते. म्हणजे आट्यांतली फट वाढते. टायटॅनियममध्ये उलटे: आतले स्टील जास्त पसरते आणि जोड घट्ट होतो, कधी कधी नको इतका. म्हणून टायटॅनियमच्या आट्यांना तांब्याच्या ग्रीसचा किंवा अँटी-सीझचा पुसट हात द्यावा, नाहीतर धातू धातूला चिकटून आटे जातात. टायटॅनियमच्या सप्रेसरमध्ये टायटॅनियमचा अडॅप्टर कोरडा फिरवणे तर टाळाच.

आता ढिला का होतो

हलका माउंट बसवल्यावर ही तक्रार हमखास येते, आणि तिचा दोष हलकेपणावर टाकला जातो. दोष क्वचितच तिथे असतो.

सप्रेसर जागेवर राहतो तो आट्यांमुळे नव्हे, आट्यांमागच्या खांद्यामुळे. खांदा म्हणजे नळीवर आटे जिथे संपतात तिथली काटकोनातली पायरी. माउंटची मागची सपाट कडा या पायरीवर दाबून बसते. आटे फक्त तो दाब निर्माण करतात. हलक्या रायफलीची नळी तोंडाशी बारीक असते, १५-१६ मिलिमीटर. तिच्यावर १४ मिलिमीटरचे आटे पाडले की खांद्याला चारही बाजूंनी मिळते जेमतेम पाऊण मिलिमीटर जागा. त्यातून कडेला चामफर मारलेला (कड तिरकी तासलेली) असेल किंवा वर रंगाचा थर असेल तर खरी बैठक अर्ध्या मिलिमीटरवर येते. ५/८ इंचाचे, म्हणजे १५.९ मिलिमीटरचे आटे अशा नळीवर खांदा ठेवून बसतच नाहीत.

तपासायला मार्करची शाई पुरते. खांद्यावर शाई लावा, ती सुकू द्या, माउंट हाताने पूर्ण आवळा आणि उतरवा. शाई गोलाकार सगळीकडून सारखी पुसली गेली तर बैठक बरोबर आहे. एकाच बाजूला पुसली गेली असेल तर खांदा नळीच्या अक्षाशी काटकोनात नाही. असा सप्रेसर कितीही आवळला तरी ढिला होणार. त्याहून वाईट म्हणजे तो किंचित तिरका बसलेला असतो आणि गोळी आतल्या बॅफलला घासू शकते. इथे घरगुती उपाय नाही; चांगल्या गनस्मिथकडून खांदा पुन्हा तासून घ्यायचा. नवीन जोडणीनंतर, गोळी उडवण्याआधी, कॅलिबरच्या मापाची अलाइनमेंट सळई नळीतून घालून ती सप्रेसरच्या पुढच्या भोकात मध्यभागी दिसते का हे पाहणे मी कधीही टाळू देणार नाही.

खांदा आणि माउंट यांच्या मध्ये वॉशर घालू नका. ब्रेकची दिशा जुळवायला वापरतात तो चेपणारा वॉशर एका बाजूला कमी-जास्त चेपतो आणि सप्रेसर तिरका करतो. आट्यांचे माप बदलणारे छोटे अडॅप्टरही त्याच पंक्तीतले. १४ मिलिमीटरच्या नळीला ५/८ चा सप्रेसर लावायला ते स्वस्तात मिळतात, पण वजन वाढवतात आणि एका जोडाचे दोन जोड करतात. हब असेल तर नळीच्या मापाचाच अडॅप्टर घ्या.

खांद्यावर ग्रीस नको. आट्यांना पुसट चालेल, बैठक मात्र कोरडी आणि स्वच्छ हवी. पुष्कळ ढिले सप्रेसर फक्त खांदा आणि माउंटची कडा स्पिरिटने पुसल्यावर जागेवर राहिलेले मी पाहिले आहेत. तिथे साठलेली काजळी आवळताना चेपते, आणि पहिल्या गोळीच्या धक्क्याने तो दाब निघून जातो.

चुकीच्या जागी सुटणारा जोड

हबच्या अडॅप्टरने ही एक नवीनच डोकेदुखी आणली. इथे जोड दोन आहेत: नळी ते अडॅप्टर आणि अडॅप्टर ते सप्रेसर. सप्रेसर काढायला फिरवला की अडॅप्टर नळीवरच राहतो आणि नळकांडे हातात येते. किंवा गोळ्या उडवताना मधला जोड हळूहळू सुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

त्याला नियम एकच: अडॅप्टर आणि सप्रेसर यांचा जोड कायमचा समजून आवळा आणि नळीवरचा जोड हाताने सुटेल असा ठेवा. अडॅप्टर सप्रेसरमध्ये बसवताना पाना वापरा, उत्पादकाने दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या आणि आट्यांना रॉकसेटसारखा उष्णता सोसणारा सिरॅमिक डिंक लावा. निळा किंवा लाल थ्रेडलॉकर दीड-दोनशे अंशांच्या पुढे सोडून देतो, म्हणून तो इथे नको. रॉकसेट वाळायला रात्रभर वेळ द्या. पुढे कधी सोडवायचा झाला तर तुकडा पाण्यात भिजत ठेवला की तो मऊ होतो. नळीच्या आट्यांना मात्र कोणताही डिंक लावू नका. सप्रेसर काढता आला नाही तर त्यातला ओलावा नळीच्या तोंडाला गंज देतो. साउथ आयलंडच्या वेस्ट कोस्टच्या (पश्चिम किनाऱ्याच्या) पावसात तर एका रात्रीत तांबूस रंग दिसायला लागतो. संध्याकाळी हटवर (डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीवर) पोचलात की तो उतरवून वेगळा वाळवा.

कोणता जोड सुटतो हे कळण्यासाठी दोन्ही जोडांवर पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारा: नळीवरून अडॅप्टरवर आणि अडॅप्टरवरून नळकांड्यावर. रेघ तुटलेली दिसली की दोषी कोण हे लगेच कळते. चढण चढून गेल्यावर, नेम धरण्याआधी तिच्यावर एक नजर टाकायची सवय लावून घ्या. हाताने हलवून पाहायचे तेव्हा रायफल रिकामी हवी आणि हात तोंडापुढे न जाता बाजूने यायला हवा.

नेम सरकला तर

माउंट बदलला की नेम पुन्हा बसवावा लागणार. नळीच्या टोकाचे वजन बदलले की तिचे थरथरणे बदलते आणि गोळी वेगळ्या जागी लागते. हा बदल म्हणजे बिघाड नव्हे. बिघाड तेव्हा, जेव्हा सप्रेसर काढून पुन्हा लावला की गोळी दर वेळी वेगळीकडे जाते. तेव्हा दुर्बिणीला हात लावण्याआधी खांदा पाहा. लक्ष्यावर तीन गोळ्या, सप्रेसर उतरवून पुन्हा चढवा, पुन्हा तीन. रेघ दर वेळी त्याच जागी येत असेल आणि तरीही दोन गट वेगळे पडत असतील, तर मग दुर्बिणीचे रिंग आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. बारीक नळी तीन-चार गोळ्यांतच तापते आणि तापल्यावर स्वतःच सरकते, म्हणून दोन गटांच्या मध्ये तिला थंड होऊ द्या; नाहीतर नळीचा दोष माउंटच्या नावावर जातो.

नळीच आखूड केली तर?

हा सल्ला इथे फार मिळतो, आणि तो वाईट नाही. फक्त त्यातून वजन किती उतरते याबद्दल गैरसमज आहे. १५.५ मिलिमीटर जाडीच्या .३०८ कॅलिबरच्या (भोक सुमारे ७.८ मिलिमीटर) नळीचा एक इंच म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम. चार इंच कापले तर सव्वाशे ग्रॅमही नाहीत. बदल्यात इंचामागे गोळीचा वेग सेकंदाला सात-आठ मीटरने घटतो आणि तोंडाशी दाब वाढतो. खरा फायदा लांबीचा: सप्रेसर दहा सेंटिमीटर मागे येतो, तोल सुधारतो आणि रायफल झाडीत कमी अडकते. आखूड केल्यावर नळी तोंडाशी किंचित जाड मिळाली तर खांदाही रुंद होतो, आणि बारीक नळीवाल्यांसाठी हे वजनापेक्षा मोलाचे आहे. एकूण लांबी मात्र ७६२ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. त्याखाली इथला कायदा ती वस्तू पिस्तूल धरतो.

खर्चाच्या क्रमाने सांगायचे तर आधी खांदा पुसणे आणि रेघ मारणे, मग अडॅप्टर बदलणे, मग गनस्मिथकडून खांदा तासणे किंवा नळी आखूड करून नवीन आटे पाडणे. नवीन सप्रेसर सगळ्यात शेवटी.

गनस्मिथकडे जाताना रायफलीबरोबर माउंटही न्या. आटे नळीच्या बाहेरच्या अंगावरून नव्हे, आतल्या भोकाच्या अक्षावरून डायल (मध्य जुळवायचे मापयंत्र) लावून पाडणार का, हे आधी विचारा. बारीक नळीत बाहेरचा गोल आणि आतले भोक नेमके एककेंद्री असतेच असे नाही. .३०८ ला १/२ इंचाचे आटे सुचवले तर नको म्हणा: आट्याच्या तळाशी भिंत दोन मिलिमीटरचीही उरत नाही, १४ मिलिमीटरच्या आट्यांत ती अडीचच्या जवळ राहते. माउंटच्या मागच्या भोकात आट्यांपुढे किती मोकळी जागा आहे हे तो तुकडा हातात घेऊन त्याला मोजू द्या. केवळ रेखाटनातल्या मापावर पाडलेले आटे माउंटमध्ये तळाला टेकले, तर खांद्याला काहीच लागत नाही आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.